माकडताप आणि गोचीड

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली. पाठोपाठ रानात जाणारी माणसेही तापाने अंथरुणास खिळली. प्रथम पीतज्वराची शंका आली. परंतु पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रास तपासणीत निराळाच विषाणू आढळला. तो रानातील गोचिडांच्या, विशेषतः बारीक पिलांच्या, चाव्याने पसरतो. गुरांना हा ताप येत नाही. मात्र पूर्ण वाढलेले गोचीड त्यांच्याच रक्तावर पोसतात, याकडे फारसे लक्ष जात नाही. २०१६ साली काजूच्या हंगामात हा रोग सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उद्‌भवला. तेथील शेतकरी बंधूंनी डिसेंबर ते मेपर्यंत अंग झाकून बागेत जावे, परतल्यावर अंगावर गोचीड आहेत काय ते पाहावे. मेलेले माकड आढळल्यास त्यास न शिवता आरोग्य केंद्रास कळवावे.