पीसीची कुंडली पाहिलीत का?

पेणच्या एखाद्या कारखान्यात रंगवून ठेवलेली गणेशमूर्ती आठवा. शाडूची की प्लास्टरची, हे लांबून सांगता येईल? उचलून, तळ बघूनच कळतं ना! घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचंही तसंच आहे, दोस्तांनो. वॉलपेपर काय, कुठलाही लावता येतो. आत विंडोज कोणतं आणि ते कसं बसवलंय, हे तळ बघूनच कळतं.

ही उठाठेव आत्ताच कशाला? विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. पीसी बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट आपोआप यायचे थांबतात. हमरापूरच्या कारखान्याच्या ऑर्डरी किंवा रोह्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात आलेली आधार-पॅनची कागदपत्रं अशा मशीनवर असतील, तर धोका एकट्या मालकाला नसतो. म्हणून नवा पीसी घेण्याआधी या तीन गोष्टी तपासा. पैसे लागत नाहीत.

पहिली, व्हर्जन. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. व्हर्जन आणि बिल्ड नंबर समोर! विंडोज १० असेल तर व्हर्जन २२एच२ हवं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायचं, तर हीच अट आहे.

दुसरी, बसवण्याची पद्धत. त्याच चौकटीत एम, एस, आय, एन, एफ, ओ आणि लगेच ३२ टाइप करा. येणाऱ्या यादीत 'बायोस मोड' शोधा. तिथे 'यूईएफआय' किंवा 'लेगसी' असेल. विंडोज ११ ला यूईएफआय लागतं. पण लेगसी दिसलं म्हणून मशीन भंगारात काढू नका! विंडोज ७ च्या काळात बरेच पीसी लेगसी पद्धतीने बसवलेले असायचे. त्यावरच विंडोज १० चढवलं, की जुनी पद्धत तशीच राहते. मदरबोर्डला यूईएफआय चालत असेल, तर मोड बदलता येतो. मात्र प्रोसेसर आणि टीपीएम २.० च्या अटी उरतातच. आणि हो, इन्स्टॉलची तारीख बघून फसू नका. मोठं अपग्रेड झालं की तीही बदलते.

तिसरी, लायसन्स. चौकटीत एस, एल, एम, जी, आर, मग एक स्पेस, स्लॅश आणि डी, एल, आय. थोडं थांबा. 'ओईएम' म्हणजे मशीनसोबत आलेलं, 'रिटेल' म्हणजे सुटं विकत घेतलेलं, 'व्हॉल्यूम' म्हणजे संस्थांसाठीचं. घरच्या पीसीवर व्हॉल्यूम दिसलं, तर ते कुठून आलं हे बसवणाऱ्याला विचाराच.

तिन्ही स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढा, महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या आणि मगच दुकानाची पायरी चढा. "नवीनच घ्यावा लागेल" असं ऐकू आलं, तर फोटो दाखवून विचारा, "यातलं नेमकं काय आड येतंय?"