घरात दुसरे मांजर आणताना

कोठारात उंदीर माजले की कोणाकडून तरी पिलू आणून जुन्या मांजरीपुढे सोडले जाते. मग फिसकारणे, ओरबाडणे आणि अखेर एकीला पोत्यात घालून दूर सोडून येणे! हे निष्ठुर कर्म ख्रिस्ती घरास शोभत नाही. ते टाळताही येते.

मांजर आपले-परके ओळखते ते मुख्यतः वासावरून. म्हणून नव्या पिलास निदान आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवावे. एकीच्या अंथरुणाचे फडके दुसरीजवळ ठेवावे. बंद दाराच्या दोन्ही अंगांस दोघींना एकाच वेळी जेवण वाढावे. मग दार थोडथोडे उघडावे. थाळ्या निराळ्याच असाव्यात. फिसकारल्यास मारू नये; माराने वैर वाढते. पिलू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी.

घडी बसण्यास काही आठवडे लागतात. देवाने आपल्या हाती सोपविलेल्या मुक्या जीवांसाठी तेवढा धीर आपण अवश्य धरावा.