खिशातला फोन – भाग ७ : फोन अनलॉक, तरी रेंज नाही

जुलै २०२४च्या पहिल्याच आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने रिचार्ज महाग केले आणि कितीतरी ग्राहक आपला नंबर घेऊन बीएसएनएलकडे वळले. पोर्ट करायची रीत मागच्या भागात आलीच आहे. पण पोर्ट झालं, नवं सिम बसवलं, तरी काहींच्या फोनवर 'नो सर्व्हिस' हेच दोन शब्द. फोन रोखीने घेतलेला, कुठल्याच कंपनीला न बांधलेला. मोबाइलवाला म्हणतो सिम खराब, सिम देणारा म्हणतो फोन खराब, आणि ग्राहक दोघांकडे हेलपाटे घालत राहतो.

हे हेलपाटे दोन मिनिटांत थांबू शकतात. नवं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालावं आणि दुसऱ्या कंपनीचं चालू सिम या फोनमध्ये. दोन्हीकडे रेंज आली, तर फोनही धडधाकट आणि सिमही. बिनसलंय ते दोघांचं एकमेकांशी. फोन सेकंडहँड असेल आणि त्यात कुठलंच सिम चालत नसेल, तर मात्र वेळीच सावध व्हावं. *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक घ्यावा आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवावा, म्हणजे फोन ब्लॉक झालेला आहे का ते कळतं. चोरीला गेला म्हणून ब्लॉक झालेला फोन देशातल्या कुठल्याच कंपनीवर चालत नाही.

पण दोघंही धडधाकट असताना जमत का नाही? अनलॉक फोनचं जे कुलूप निघालेलं असतं, ते सॉफ्टवेअरचं. ते निघालं म्हणजे फोन कुठल्याही कंपनीचं सिम नाकारत नाही, एवढंच. त्या कंपनीच्या लहरी पकडण्याची सोय फोनमध्ये आहे की नाही, हा निराळा प्रश्न, आणि तो फोन घेताना सहसा कुणी विचारत नाही. जिओची ४जी सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते, बीएसएनएलची मुख्यतः ७०० आणि २१००वर. यातला ७००चा पट्टा, म्हणजे बँड २८, लांबवर पोचतो, भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतो. पण जुन्या फोनांमध्ये तो बऱ्याचदा नसतोच. अमेरिकेहून कुणी पाठवलेल्या फोनच्या माहितीत '७००' दिसतं खरं, पण तिकडचे १२, १३ आणि १७ हे ७०० मेगाहर्ट्झचे बँड वेगळे. म्हणून मेगाहर्ट्झवर विसंबू नये, बँडचा क्रमांक पाहावा, आणि तोही हातातल्या नेमक्या मॉडेलचा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बँडसह विकला जातो.

बँड आहे, तरी रेंज नाही? मग सेटिंग बघावं. स्पीड टिकावा म्हणून काहींनी *#*#४६३६#*#* दाबून फोन 'एलटीई ओन्ली'वर, म्हणजे फक्त ४जीवर, ठेवलेला असतो आणि नंतर ते विसरून गेलेले असतात. जिओवर ते खपून जातं, कारण जिओकडे २जी-३जी मुळातच नाही. बीएसएनएलच्या ज्या टॉवरवर अजून जुनीच यंत्रणा आहे, तो टॉवर मात्र अशा फोनला दिसतच नाही. नेटवर्क 'ऑटो'वर आणलं की काम होतं.

कॉल लागतात पण नेट नाही, ही तक्रार बहुतेकदा एपीएनची, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या सेटिंगची. तिथे जुन्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं असतं. ते काढून इंग्रजीत सलग 'बीएसएनएलनेट' लिहावं आणि फोन बंद करून चालू करावा.

याच्या उलट तक्रार जास्त अवघड: नेट सुसाट, पण कॉल लागत नाही. जिओ ५ सप्टेंबर २०१६ला सुरू झाली तीच मुळी फक्त ४जी घेऊन, त्यामुळे तिथे आवाजही ४जीवरूनच जातो. फोन बनवणाऱ्याने त्या कंपनीसाठी व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय, चालू करून दिलेली नसेल, तर ग्राहकाच्या हातात फारसं काही उरत नाही. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ला ३जी बंद केलं, तेव्हा कंपनीच्या मान्य यादीत नसलेले चांगले चालते अनलॉक फोनही बाद झाले. पुण्या-नाशिकहून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी इथला फोन सोबत नेण्याआधी ती यादी पाहायलाच हवी.

ही सगळी तपासणी पोर्टचा मेसेज पाठवण्याआधी करा. नव्या कंपनीत नंबर गेला, की पुढचे ९० दिवस तो पुन्हा पोर्ट करता येत नाही.