आघात आणि स्मृतिभ्रंश



मैलूरच्या या शाळेत गुरुजींच्या स्मृतिदिनी विस्मरणावर बोलणे काहींना विसंगत वाटेल. परंतु स्मृती जपण्यासाठी जमलेल्यांनी ती कशी हरपते, याचाही विचार करावा, असे मला वाटते.

१९४८ साली माझी आई पंधरा वर्षांची होती. बीदर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात आजच्या बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे रझाकारांनी हत्याकांड केले आणि आसपासची गावे भयभीत झाली. आजोबांनी आईला एक रात्र रिकाम्या पेवात लपविले. पुढे तिने नेटका संसार केला. त्या रात्रीविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. ऐंशी ओलांडल्यावर तिला नातवंडांची नावे आठवेनाशी झाली, आणि दिवेलागणीला ती म्हणू लागली, "कडी लाव रे, ते आले."

मी पडलो प्राध्यापक. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, असे मी तिला पुनःपुन्हा समजावीत असे. ती अधिकच घाबरे. या चुकीची खंत मला आजही आहे.

याचा उलगडा पुढे वाचनातून झाला. स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे उरतात. भयाला आवर घालणारी विवेकशक्ती क्षीण झाली की आयुष्यभर दडपलेले वर येऊ शकते.

पण आघातामुळेच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो काय? अमेरिकेतील क्रिस्टीन याफे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षांवरील १,८१,०९३ माजी सैनिकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. आघातोत्तर मनोविकार असलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण १०.६ टक्के, तर इतरांत ६.६ टक्के आढळले. कारणे अनेक संभवतात. सततच्या ताणाने रक्तातील कॉर्टिसॉल वाढते व स्मृती घडविणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर त्याचा परिणाम होऊ शकतो. शिवाय निद्रानाश, विषण्णता, रक्तदाब आणि एकाकीपणही जोडीला येतात. तथापि संबंध आढळला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे नव्हे. आघात सोसलेल्या बहुतेकांना हा विकार जडत नाही. माझ्या आईचा विकार त्या रात्रीतूनच उद्भवला, असे मी म्हणणार नाही. तिच्या भयाला त्या रात्रीचा आकार होता, एवढेच म्हणेन.

आणि हे भय एकाच समाजाचे नव्हते. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत बीदरही होते. तेव्हा कोणत्या घरातील आजी कोणाच्या चाहुलीने दचकते, हे विचारताना आपण आपपरभाव ठेवू नये.

अशा वेळी काय करावे? वाद घालू नये. 'म्हातारचळ' म्हणून हसू नये. वैद्याला पूर्वायुष्य सांगावे. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा यांवर वेळीच उपचार करावेत. संध्याकाळी उजेड ठेवावा आणि जवळ बसावे.

शेवटी शेवटी मी सनावळी सांगणे सोडून दिले. उठून कडी लावी, आईचा हात हाती घेई आणि म्हणे, "लावली गं आई, मी इथेच आहे." मग ती शांत झोपे.