भीमगीत गाणाऱ्याचा गळा

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज नायगाव, परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांतील गायनपार्ट्यांतून गात आहेत. एप्रिल सरत आला किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला, की त्यांच्यापैकी कोणाचा तरी फोन येतो आणि पलीकडून घोगरी कुजबुज ऐकू येते, ‘गुरुजी, गळा बसला.’ स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा याच विषयावर लिहावे असे आम्हांस वाटले. आम्ही इतिहासाचे शिक्षक, वैद्य नव्हे. परंतु गाणाऱ्या मुलांमध्ये आयुष्य गेल्याने या विषयाचा अभ्यास करणे आम्हांस भागच पडले.

गळा हे आपल्या चळवळीचे साधन आहे. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी बोलाविलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाट मोकळी झाली. पुढे तोच विचार वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचविला तो जलशांनी. आपली दहा भाषणे आणि भीमराव कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुन्या पिढीत अजून सांगितली जाते. त्या जलसाकारांपैकी अनेकांना ध्वनिक्षेपक माहीत नव्हता. चाळीच्या पटांगणात शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेला पाहिजे, म्हणून आवाज टिपेला लावणे ही त्यांची गरज होती. त्यातच गिरणगावात यंत्रांच्या खडखडाटामुळे आवाज चढवून बोलण्याची सवय अंगवळणी पडलेली. (तेथेही धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून आपल्या माणसांना विटाळाच्या नावाखाली साचे खात्याबाहेर ठेवले जाई, १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.) आज ध्वनिक्षेपक आहे, पण ओरडून गाण्याची रीत गेलेली नाही. गरज संपली, सवय उरली.

आवाज कसा निर्माण होतो हे समजले की पथ्ये पाठ करावी लागत नाहीत. कंठात दोन नाजूक स्वरतंतू असतात. फुप्फुसांतील हवा वर येताना ते एकमेकांवर आपटतात. बोलताना पुरुषाच्या कंठात हे सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा घडते, स्त्रीच्या कंठात सुमारे दोनशे वेळा. उंच पट्टीत तार सप्तक गाताना हा आकडा चारशेच्या पुढे जातो. तीन तासांच्या कार्यक्रमात किती आघात होत असतील याचा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा. तंतूंवरील ओलाव्याचा पातळ थर हे आघात सोसतो. तो सुकला आणि जोर वाढला, की तंतूंना सूज येते. वर्षानुवर्षे तेच चालले तर त्यांवर घट्ट्यासारख्या गाठी धरतात.

म्हणून पहिले पथ्य पाण्याचे. मात्र प्यालेले पाणी अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना ते स्पर्शही करीत नाही. रक्तावाटे त्याचा ओलावा तेथे पोहोचायला वेळ लागतो. मंचावर चढताना घटाघटा पाणी पिणारा गायक उशीर करून बसलेला असतो. सकाळपासून थोडे थोडे पाणी पीत राहावे. वाफेचा ओलावा मात्र थेट तंतूंपर्यंत जातो, म्हणून ५ डिसेंबरच्या रात्री शिवाजी पार्कच्या धुळीत गाऊन आल्यावर साध्या पाण्याची वाफ घेणे हिताचे. खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घशाला बरे वाटते, हरकत नाही. पण रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नये.

दुसरी गोष्ट स्पष्टच लिहितो. घोटभर घेतल्याशिवाय गळा उघडत नाही, हा समज आपल्या गायनपार्ट्यांत फार खोल रुजलेला आहे. मद्याने गळा उघडत नाही; भीड जाते आणि गळ्याला होणारी इजा जाणवत नाही, इतकेच. पंचशील म्हणून मंचावर चढणाऱ्याने पाचवे शील मंचामागे मोडावे, याचे आम्हांस दुःख होते. तंबाखू आणि मिश्री यांविषयी वेगळे काय सांगावे! मध्यरात्री कार्यक्रम संपल्यावर वडापाव, मिसळ खाऊन लगेच आडवे होणे हीदेखील अशीच सवय. जठरातील आम्ल रात्री वर येऊन कंठ पोळते आणि सकाळी आवाज जड होतो.

पट्टीविषयी आमच्याकडून एक चूक झाली, ती येथे नोंदवितो. काही वर्षांपूर्वी आठवीतील एक मुलगा फार गोड गायचा. जयंतीच्या सुमारास त्याचा आवाज फुटू लागला होता. या वयात मुलांचे स्वरतंतू झपाट्याने लांबतात व आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचा आवाजही बदलतो, पण थोडा. आम्ही मात्र मागील वर्षीचीच काळी चार पट्टी धरली. दोन रात्री तो ताणून गायला, तिसऱ्या रात्री आवाज चिरकला आणि समोरचे हसले. त्यानंतर तो गाण्यासाठी कधी उभा राहिला नाही. आता आम्ही अशा मुलांची पट्टी त्यांना झेपेल इतकी उतरवितो, कोरसात उभे करतो, नाहीतर वर्षभर ढोलकी हाती देतो.

गिरगावात संगीत विद्यालय चालविणारे प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजाच्या साधनेचा शास्त्र म्हणून अभ्यास केला, पुढे डॉ. अशोक रानडे यांनीही. आपल्या मुलांना असे गुरू क्वचितच लाभतात. पण रोजचा रियाज कोणासही करता येतो. उठल्याबरोबर वरचा स्वर लावू नये. ओठ मिटून मकार गुणगुणावा, लहान मुले घोडा करताना फुरफुरतात तसे ओठ फुरफुरवावेत, मग खर्जातील स्वर दहा-पंधरा मिनिटे सावकाश लावावेत. गाऊन झाल्यावरही असेच उतरत यावे. सारखे खाकरू नये, त्याने तंतू जोरात आपटतात. त्यापेक्षा घोटभर पाणी गिळावे. गळा बसला असता कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो. सरळ मौन पाळावे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, म्हणून डीजेशेजारी गप्पा मारून मग गायला बसू नये. आपला आवाज आपल्याला ऐकू येईल असा एक स्पीकर मंचावर गायकाकडे तोंड करून ठेवण्याचा आग्रह धरावा. आयोजक कुरकुरतात, कुरकुरू द्यावे.

नायगावात जन्मलेले लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवरील मंचावरच गेले. वय ७९. त्या वयापर्यंत त्यांच्या आवाजाची फेक ज्यांनी ऐकली, त्यांना उतारवयात गळा जातोच, हे पटणार नाही.

पालकांसाठी एवढेच, की मुलाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर काढे देत बसू नये. श्वास लागत असेल किंवा गिळताना दुखत असेल तर तितकेही थांबू नये. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, दोन्ही महापालिकेची रुग्णालये आहेत. तेथील कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीने स्वरतंतू पाहता येतात. गाठी लवकर लक्षात आल्या तर बहुधा मौन आणि आवाजाच्या व्यायामानेच बऱ्या होतात, शस्त्रक्रियेची वेळ येत नाही. जाताना मुलगा कोणत्या पट्टीत, आठवड्यातून किती रात्री गातो, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टर ते विचारतात.