कागद, टेरिलिन आणि वारा

पतंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती संक्रांत आणि गच्ची. पातळ रंगीत कागदाचा एक चौकोन, एक उभी कामटी, एक वाकवलेली आडवी कामटी आणि कन्नी. एवढ्या सामग्रीत काम भागते. या पतंगाचे आयुष्य एका दुपारचे, आणि त्याच्याकडून कोणी अधिक अपेक्षाही करत नाही.

समुद्रावरचा पतंग मात्र वेगळ्या जातीचा. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर, नाहीतर तिकडे रामेश्वरमला, वारा सुटला की पायाखाली फळी आणि कमरेला पट्टा बांधलेली माणसे पतंगाच्या ओढीने लाटांवरून धावताना दिसतात. या खेळाचे नाव काइटसर्फिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला आणि शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. वीसेक मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला असलेला हा पतंग बहुधा ९ ते १२ चौरस मीटरचा असतो. म्हणजे आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीची जमीन झाकून टाकील एवढा. गच्चीवरचा पतंग फाटला तर मूल हिरमुसते. इथे पतंग फाटला तर माणूस किनाऱ्यापासून दूर, पाण्यात अडकतो. म्हणूनच तो कशाचा बनवला आहे, हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही.

स्वयंपाकघरातला पडदा

कापडी पतंगाचे आजचे रूप घडण्यामागे एक घरगुती गोष्ट आहे. अमेरिकेतील विमानशास्त्राचे अभियंते फ्रान्सिस रोगॅलो यांनी १९४८ मध्ये काड्यांचा सांगाडा नसलेला, वाऱ्यानेच आकार घेणारा पतंग तयार केला. तो त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी शिवला आणि त्यासाठी कापड वापरले ते स्वयंपाकघराच्या पडद्याचे! समुद्रावर मात्र अडचण निराळी होती. पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवायचा कसा? फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये त्यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी बसवायची. नळी सांगाड्याचे काम करते आणि पाण्यावर तरंगतेही.

अशा पतंगाच्या कापडाकडून अपेक्षा बऱ्याच. वारा आरपार जाता कामा नये, ताण पडून आकार बिघडता कामा नये, वजन कमी हवे आणि एके ठिकाणी फाटले तर फाट पुढे धावता कामा नये. शेवटच्या गोष्टीसाठी विणीतच ठरावीक अंतरावर जाड धागे घालतात. कापड निरखून पाहिले की बारीक चौकडी दिसते. फाट त्या जाड धाग्यापाशी येऊन अडते.

नायलॉन की टेरिलिन?

नायलॉनचा शोध १९३५ चा, अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्र्यांमध्ये त्याने रेशमाची जागा घेतली. ते हलके, चिवट आणि थोडे लवचीक असते. पण ते पाणी पिते. नायलॉनचा तंबू पावसात भिजला की सैल पडतो, हे ट्रेकिंगवाल्यांना ठाऊक आहे. शिवाय कडक उन्हात ते लवकर थकते. पॉलिएस्टर १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये जन्माला आले. तिथे त्याचे नाव टेरिलिन, अमेरिकेत डेक्रॉन. एका पिढीने ज्याचे न चुरगळणारे शर्ट मिरवले, तेच हे टेरिलिन. ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि कमी ताणले जाते. म्हणून नळीवाल्या पतंगाचा पडदा पॉलिएस्टरचा असतो, चौरस मीटरला सुमारे ५० ग्रॅम वजनाचा; आणि नळीवरचे आवरण त्याहून कितीतरी जाड डेक्रॉनचे.

म्हणजे नायलॉन बाद झाले का? मुळीच नाही. दुसऱ्या प्रकारच्या पतंगात नळीच नसते. दुहेरी कापडाच्या कप्प्यांत वारा शिरून तो फुगतो. तिथे हलकेपणा महत्त्वाचा, आणि झोत आला की किंचित सैल सोडणारे नायलॉनच बहुधा पसंत केले जाते. ऑलिम्पिकच्या शर्यती याच जातीच्या पतंगांवर झाल्या.

अलीकडे डेक्रॉनला नवा प्रतिस्पर्धी आला आहे. कॅनडातील अलूला नावाचे कापड हे अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनपासून बनते. आपली दुधाची पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातले हे अपत्य, पण ताकद विलक्षण. नळी बरीच हलकी होते आणि मंद वाऱ्यातही पतंग वर टिकतो. किंमत मात्र खूपच अधिक. नवशिक्याचा पतंग दिवसातून अनेकदा पाण्यावर नि वाळूवर आपटतो. त्याला साधे, जाड, सहज दुरुस्त होणारे पॉलिएस्टरच हिताचे.

कापड कोणतेही असो, ऊन, मीठ आणि वाळू हे त्याचे तीन शत्रू. नवे कापड कोऱ्या नोटेसारखे करकरते. जुने झाले, वरचा लेप गेला की धुतलेल्या ओढणीसारखे मऊ पडते. जुना पतंग विकत घेताना जाणकार रंग नव्हे, हा आवाज पारखतात. खेळ संपल्यावर पतंग गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, मगच गुंडाळायचा, हा नियम महागड्या पतंगालाही चुकत नाही.

चिवटपणा कुठे हवा?

समुद्रावर धागा तुटू नये म्हणून माणसाने इतकी बुद्धी खर्च केली. पण तिथेही कमरेच्या पट्ट्याशी एका झटक्यात सुटका करणारी कळ ठेवलेलीच असते. चिवटपणा उलटला तर काय, याचा विचार आधीच केलेला असतो. आपल्या गल्लीत नायलॉन आले ते या विचाराशिवाय. सुती मांजा झाडावर अडकला तरी कालांतराने कुजतो, जोर पडला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही. पक्ष्याचा पंख कापला जातो, दुचाकीवर पुढे बसलेल्या मुलाच्या गळ्यावर तो येतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर अशा मांजावर बंदी घातली. तरीही संक्रांतीच्या आसपास गळा चिरल्याच्या बातम्या येतच राहतात.

येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस आकाश पतंगांनी भरते आणि आसारीवरचा दोरा सरसर सुटतो. त्या खेळाची सारी गंमत दोरा तुटण्यातच तर आहे! एकाचा कटतो, दुसरा जिंकतो, आणि कटलेल्या पतंगामागे पोरे धावतात. न तुटणाऱ्या दोऱ्याने ही गंमतच संपते. समुद्रावर टिकणारे कापड हवे, गल्लीत तुटणारा दोरा. यंदा मुलांना घेऊन पतंग आणायला जाल, तेव्हा दुकानदाराने पुढे केलेला मांजा आधी बोटांनी ओढून पाहा. तुटायला नकार देत असेल, तर तो तिथेच ठेवून या.