गर्भवतीचा आहार आणि संततीचे आरोग्य

केवळ नत्र दिल्याने पीक माजते, पण दाणा भरत नाही. गर्भवतीच्या आहाराचेही तसेच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत माता व बालकांची पाहणी केली. अर्भके सरासरी २.७ किलोची, परंतु त्या मानाने अंगात चरबी अधिक. ज्या मातांच्या रक्तात फॉलेट अधिक व ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव क्षीण आढळला; मधुमेहाची वाट येथूनच सुरू होते. मातेच्या लठ्ठपणानेही हा धोका वाढतो. फॉलिक आम्लाच्या गोळ्या आवश्यकच आहेत. मात्र त्यांना ब-१२ची जोड हवी. ते भाजीपाल्यात नसून दूध व अंड्यांत असते. म्हणून डेअरीस दूध घालण्यापूर्वी घरातील गर्भवतीचा पेला भरावा. ग्रामसेवकांनी हे घरोघर पटवून द्यावे.